बारा अक्षरांची हाजा

...आणि मला पहिल्यांदा खटकलं काय, तर सगळं फारच सरळ होतं. तुम्हाला सांगते, छापलेल्या चिठ्ठ्यांची चळत हातात घेतली, एकही नाव कडेबाहेर नाही, आणि मी ती दोनदा उलटून पाहिली. पण मी पडले दार वाजलं तरी दचकणारी, माझं मीच कुठे ऐकते? दिसायला मात्र सुरेख!

मक्केच्या यात्रेला, उमऱ्याला जाणाऱ्या बसचं सामान, त्यावर लावायच्या या चिठ्ठ्या. छापणारा प्रोग्राम माझा. मालक अबू घैस आठवडाभर मागे लागलेले, की बेटा, तुझी नावं दुसऱ्या ओळीत लोंबतात, न विंचरलेल्या दाढीसारखी, जरा कातर की. कातरली! नावाला जागा बारा अक्षरांची. कमी पडलं तर मोकळी जागा भरायची, जास्त झालं तर उडवायचं. एक आकडा घातला, संपलं. अबू घैस खूश, म्हणे आता कशी अम्मानची कंपनी शोभते.

आता मला सांगा, आमच्याकडे नाव म्हणजे काय? आपलं, बापाचं, आजोबांचं, मग घराण्याचं. त्यात साठीपुढची बाई म्हटली की आधी मानाचं ‘हाजा’ लावायचं, नाहीतर तिची मुलं भांडायला येतात. ‘हाजा फातिमा’ आमच्या अरबी लिपीत बरोब्बर बारा अक्षरं, मधली मोकळी जागा धरून. बाप, आजोबा, घराणं... सगळे कात्रीखाली! आणि बसमध्ये फातिमा किती? पाच. दिसायला मात्र सुरेख!

हमालाने पाहिलं, एकाच बाईच्या पाच बॅगा. नियम माणशी एक. त्याने एक चढवली, चार खाली ठेवल्या, आणि बस गेल्यावर वर मलाच ऐकवलं, की ही बाई मक्केला निघालीय की बिऱ्हाड हलवतेय? त्या चार माझ्या टेबलापाशी उभ्या आहेत, त्यातली एक माझ्या आजीची, आणि तिच्यात आजीचं इन्सुलिन. हातात ठेव म्हटलं होतं, तर म्हणते हातात तसबीह असते, जपाची माळ. बरं, आजीला फोन करावा, तर... तोही बॅगेतच वाजतोय, आणि मीच दचकतेय!

बस कतरानाला चहाला थांबते. तिथे गाठली तर अबू घैसांची गाडी बॅगा पोचवेल, त्यापुढे नुसतं वाळवंट आणि सरहद्द. म्हणून ड्रायव्हर अबू सुहैबना फोन लावतेय, लावतेय, लावतेय... उचलला!

“काका, मी रुबा बोलतेय, थांबा तिथेच, हाजा फातिमाची बॅग इथे राहिलीय—”

पलीकडून चहाचा घोट ऐकू येतो, मग अबू सुहैब, अगदी शांतपणे:

“थांबलोच आहे, पोरी. पण कुठली रुबा, आणि कुठली हाजा फातिमा? बापाचं, आजोबांचं, घराण्याचं सांग की. एवढ्याशा नावाने माणूस सापडतो होय?”