गयाबाईंनी परत केलेला कप

मंडळी, एक सांगा. आपला नेम पाळताना आपलंच माणूस दुखावलं, तर तो नेम देवाच्या दारी रुजू होतो का? थांबा, घाईनं माना डोलवू नका. आधी ऐका.

निफाडकडच्या गयाबाई. त्यांची एकुलती एक लेक कुसुम, दिलेली सिन्नरच्या बाजूला. आता आपल्याकडे चहाची पत्ती काय काय करते बघा — सोयरीक जुळवते, भांडण मिटवते, दुखवट्याच्या घरी शेजारणीच्या किटलीतून जाते. पण गयाबाईंची जुनी रीत! लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. पाण्याची बाटली स्वतःची. कुसुम दर खेपेला चहा ठेवायची. आई कप मागे सारायची.

अशी नऊ वर्षं गेली. मूल झालं नाही.

एका वैशाखात गयाबाई कुरडयांचा डबा घेऊन एसटीतून उतरल्या. दोन कोस चालल्या, बाटली संपली. लेकीच्या ओट्यावर आल्या आणि घेरी येऊन खालीच बसल्या. ओठ पांढरे! कुसुम धावत पाणी घेऊन आली. आईनं तोंड फिरवलं. मग चार चमचे साखर घालून चहा आणला.

"आई, घे ना."

"नको गं. रीत आहे."

कुसुमनं कप खाली ठेवला. हळू बोलली, "गावातलं कुणी बोललं तर मी सोडून देते, आई. तू काहीच बोलत नाहीस. नुसता कप परत करतेस. मग मी दोन दोन दिवस जेवत नाही."

गयाबाई बघतच राहिल्या. नऊ वर्षांत हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं!

कुसुमची सासू तानूबाई दारात उभी होती. म्हणाली, "विहीणबाई, मी सासू असून हिला मूल का नाही म्हणून कधी विचारलं नाही. तुम्ही आई असून दर खेपेला कप सारून तेच विचारता होय?"

गयाबाईंनी कप उचलला, बशीत ओतला आणि डोळे मिटून प्यायल्या. कुसुम पदरात तोंड घालून रडली — नऊ वर्षांचं साचलेलं सगळं!

"गार झालाय," गयाबाई म्हणाल्या. "दुसरा टाक. आलं ठेचून घाल. विहीणबाईंनाही दे."

मग तिघी ओट्यावर बसून फुरक्या मारत चहा प्यायल्या. देवानं नेम मोडल्याची शिक्षा केली का? छे! गयाबाई त्या दिवशी पहिल्यांदा लेकीकडे मुक्कामाला राहिल्या.

आता तुमच्याकडे वळतो. का हो, खाली बघायला लागलात? कुणाच्या दारचा कप तुम्ही परत करता, ते मला नका सांगू. सकाळी तिथं जा. माफीचे शब्द सुचले नाहीत, तरी चालेल. ओट्यावर बसा आणि म्हणा — घोटभर चहा टाका.