कुमुदताई गाडीतून उतरेनात

मंडळी, सरकून बसा! पंखा सगळ्यांचाच आहे! आणि ते मोबाइल — त्यांना झोपवा, तुम्ही मात्र जागे राहा!

आज मी एकच प्रश्न घेऊन उभा आहे. नवरा एखादी वस्तू घरी आणतो आणि म्हणतो, "आपल्या दोघांसाठी आणली गं!" आता सांगा, ती वस्तू खरोखर दोघांची कधी होते? पावतीवर दोघांची नावं घातली की? दोघांनी मिळून हळदकुंकू वाहिलं की? हां — माना हलवू नका! उत्तर तुम्हाला ठाऊक नाही. मलाही नव्हतं. मला ते एका मोटारीनं शिकवलं! हसताय? अहो, गुरूनं कुठलं रूप घ्यावं हे आपण कोण ठरवणार! तबलजी, ठेका जरा धावता ठेवा, आपल्याला शोरूम गाठायचंय!

तर ऐका. कऱ्हाडला सदानंदराव शेवाळे म्हणून गृहस्थ. लग्नपत्रिकांचा छापखाना. अर्ध्या तालुक्याची लग्नं यांच्या शाईनं लागली! पण हल्ली पत्रिका मोबाइलवर येते, तीही गाणं म्हणत! छापखाना बंद करावा लागला. मुलगी सासरी. घरात दोघंच — सदानंदराव आणि कुमुदताई. आणि मंडळी, माणूस पार कोमेजला हो! आंघोळ करून खुर्चीत बसायचं आणि भिंतीकडे बघायचं. ताईंनी विचारावं, "भाजी कुठली करू?" यांनी म्हणावं, "कर काहीतरी." बायांनो, नवरा "कर काहीतरी" म्हणायला लागला की काळजी वाटते की नाही? वाटतेच!

आणि एका सकाळी हा माणूस ताडकन उठला! "कुमुद! गाडी घ्यायची!"

"आहे की गाडी."

"ती सगळ्या गोतावळ्याची होती गं. आता आपण दोघंच. छोटी घेऊ, पण भारीतली! लक्झरी सेडान! आत बसलं की बाहेरचा भोंगा ऐकू येता कामा नये!"

झालं! चेहऱ्यावर तेज आलं! छापखानेवाला माणूस — फुलस्केप कागद घेतला, पट्टीनं रकाने आखले. वळायला किती जागा? डिकीत किती बॅगा? आपल्या बोळात शिरेल का? ब्रेक कसे, काचा कशा, दिवे कसे! सव्वीस रकाने, मंडळी! त्यातला एकही कुमुदताईंचा नव्हता. पण ते त्यांच्या ध्यानात यायचं होतं. तुमच्या तरी आलं असतं का?

मग निघाले कोल्हापूरला. शोरूम काय वर्णावं! फरशी अशी लख्ख की सदानंदरावांना वाटलं, चपला बाहेर काढाव्यात. आणि मधोमध ती! काळीभोर, ठेंगणी, मागे छप्पर कसं उतरतं घेतलेलं. किंमत मी सांगत नाही, नाहीतर तुम्ही हिशेबाला लागाल आणि आख्यान राहील! तिथले बागवानसाहेब पुढे आले. "या की साहेब! बसून तर बघा!" त्यांनी पुढचं डावं दार ताईंसाठी उघडून धरलं. ताई काय करतात? ते दार सोडून सरळ मागे गेल्या, मागचं दार उघडलं आणि मागे बसल्या. सवय! आणि सदानंदरावांनी? शेजारच्या रिकाम्या सीटवर आपली टोपी ठेवली. टोपीवर रकान्यांचा कागद!

स्टिअरिंग हातात आलं आणि — काय सांगू! बटण दाबलं, सीट वर. दाबलं, सीट मागे. "कुमुद, हे बघ! कुमुद, हे ऐक!" मागून आवाज येतोय, "छान आहे हो. फार छान." लहान मुलासारखा हरखला माणूस! उतरले, डिकी उघडली, बॉनेट उघडलं, चार प्रदक्षिणा घातल्या. "बागवानसाहेब, ठरली! करा कागद तयार! कुमुद, उतर, सही करायचीय!"

"तुम्ही व्हा पुढे. मी बसते जरा. गार वाटतंय."

पाच मिनिटं गेली. "कुमुद, चहा आलाय!" "इथंच पाठवा ना." दहा मिनिटं गेली. "अगं, उतर की!" "येते हो!" पण येत नाहीत! वीस मिनिटं! शोरूममधली माणसं बघायला लागली. सदानंदराव मनात म्हणतात, हिला तर गाडी माझ्यापेक्षा जास्त आवडली! वा! नशीबवान आहे मी!

आवडली होती का, मंडळी? का उतरत नव्हत्या त्या?

सदानंदरावांनी मागचं दुसरं दार उघडलं. "चल, सरक, मीही बसतो राणीच्या शेजारी!" आणि बसले — धप्प! खोल! डोकं छपराला, गुडघे हनुवटीला! हसले. मग उठायला गेले. उठवेना! पुन्हा जोर केला. उठवेना! दाराला धरलं, सीटला धरलं, देवाला धरलं — छे! सदानंदरावांनी बायकोकडे बघितलं. बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"कुमुद... तू अडकलीयस?"

ताई गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या होत्या.

"मग बोलायचं ना!"

"किती दिवसांनी हसलात. मोडवेना मला ते."

"आणि आपल्या जुन्या गाडीत?"

"तिथंही त्रास होतोच. आधी पाय बाहेर काढते, मग दाराला धरून उभी राहते. लागतो थोडा वेळ."

"मला कधी दिसलं कसं नाही?"

"तुम्ही किल्ली फिरवत पुढे गेलेले असता."

थांबा. तबलजी, थांबा जरा. बावीस वर्षं गाडी चालवली या माणसानं. स्वतःच्या गाडीत मागे एकदाही बसला नव्हता! पुढे आई बसायच्या, आई गेल्यावर पत्रिकांचे खोके बसले, खोके गेले तर आज टोपी बसली! सदानंदरावांना रडू आलं, मंडळी. सगळ्यांसमोर आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

बागवानसाहेबांनी आधी ताईंना हात दिला, मग यांना ओढून काढलं. सदानंदराव म्हणाले, "राहू दे. नको आपल्याला गाडी."

तशा ताई उसळल्या! "नको म्हणून पुन्हा भिंतीकडे बघत बसणार? ते नाही चालायचं! बघा की काहीतरी!"

तेव्हा सदानंदरावांनी पुढचं डावं दार उघडलं. टोपी उचलली. कागद उचलला. "बस."

"इथं? इथं आई बसायच्या."

"आईला जाऊन नऊ वर्षं झाली, कुमुद. बस."

बसल्या. बागवानसाहेबांनी बटण दाखवलं. ताईंनी बोट ठेवलं — आणि सीट वर! अजून वर! पाय बाहेर काढले, आणि उभ्या! कुणाला न धरता उभ्या! "अहो!" म्हणाल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. सात वेळा, मंडळी! सगळं शोरूम टाळ्या पिटतंय! सदानंदरावांनी तो कागद काढला, तळाशी सत्ताविसावा रकाना आखला आणि लिहिलं — कुमुदला उतरता येतं. गाडी तीच घेतली! रंगही तोच! बदलली फक्त एक जागा.

मिळालं उत्तर? दुसरा जिथं बसतो तिथं आपण एकदा बसून बघितलं, की वस्तू दोघांची होते. हा गाभारा बघा. लक्ष्मीनारायण एकाच चौथऱ्यावर उभे आहेत ना? लक्ष्मी मागच्या रांगेत आहे का?

आणि आता इकडे बघा! पुढे सतरंजी. सतरंजीवर कोण? पुरुष मंडळी. मागे थंड फरशीवर, खांबाआड, चपलांच्या ढिगाशेजारी कोण? हसू नका, उठा! अदलाबदल करा! पुढचं भजन बायका सतरंजीवर बसून म्हणतील.

आणि सांगणारा सुटला असं नाही. आमचं कुटुंब एकवीस वर्षं माझं कीर्तन त्या खांबाआडून ऐकतंय. तिथून मी दिसतो का, ऐकू येतो का, मला माहीत नाही. मी कधी विचारलंही नाही.

पेटीवाले, सूर धरून ठेवा. वाट द्या मंडळी, मी तिथं बसून येतो.