बाबांची उडी

वाचा-उपचार केंद्राच्या बाकावर एक गृहस्थ कामावरून आलेल्या बायकोला सांगत होते. डाउन सिंड्रोम असलेली त्यांची लेक मधे बसून ऐकत होती.

"बाईंनी तिला शिडीचं चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावली."

"बोलली?"

"एरवी एकेक शब्द, आज सलग बोलली! बाबा शिडीवर चढले. बाबा धपकन पडले. बाबा म्हणाले, आईला सांग, उडी मारली."

"अगं बाई! म्हणजे तुम्ही पडला होतात?"

"महिनाभर मी तिला राजकन्येची गोष्ट घोकवली. तिनं माझीच वरात काढली. बाई तर हसून लोटपोट."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, छान कल्पनाशक्ती आहे."

"आई," लेक म्हणाली, "पडल्यावर बाबा रडले पण."