बांधणाऱ्याने मागे बसायचं

आजच्या सत्कार सोहळ्याचे अध्यक्ष, आपले दातांचे डॉक्टर, ज्यांच्या गाडीचा आवाज कुठला आणि दवाखान्यातल्या ड्रिलचा कुठला हे डोळे मिटून ओळखायला सांगितलं तर मी हरेन. प्रमुख पाहुण्या, रस्ते खात्याच्या इंजिनिअर बाई. सत्कारमूर्ती आपले काका. पहिल्या रांगेत बसलेल्या काकू. आणि ऑइलचे कपडे बदलून आलेल्या व न बदलता आलेल्या माझ्या सभासद मित्रमैत्रिणींनो,

मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. त्यापेक्षा कमीच घेईन म्हणते. का, ते पुढे कळेल. मघापासून मी खुर्चीत चुळबुळ करतेय हे डॉक्टरांनी पाहिलं आणि कानात विचारलं, "दाढ दुखतेय का?" नाही डॉक्टर, दाढ नाही.

पाहुण्या बाईंनी चहाच्या वेळी मला विचारलं, "सायकलकार म्हणजे नक्की काय हो?" बाई, शंभरेक वर्षांपूर्वी ज्यांना मोटार परवडत नव्हती आणि ज्यांची बायको मोटारसायकलवर बसायला तयार नव्हती, अशा माणसांनी काढलेली ही पळवाट. मोटारसायकलचं इंजिन, सायकलसारखी चाकं, लाकडी सांगाडा आणि आव मात्र मोटारीचा. पुढे मोटारी स्वस्त झाल्या आणि या गाड्या कोंबड्यांच्या खुराड्यांत जाऊन पडल्या. तिथून त्यांना ओढून काढणारे आम्ही. ज्यांना खुराड्यातही सापडली नाही, ते घरीच बांधतात. वर्षातून एकदा आम्ही त्या टेकडीवर चढवतो. तुमच्या कृपेने उद्या सकाळी शेवटचं. मग तुमच्याच कृपेने तिथे रुंदीकरण. हा टोमणा नाही. बरं, थोडासा आहे.

आता काकांविषयी. नोकरीत त्यांनी जन्मभर लिफ्टच्या तारा तपासल्या आणि मंडळात आमच्या गाड्या. त्यांचं खरं नाव पत्रिकेवर छापलंय, पण ते वाचून निम्म्या लोकांनी मला फोन केला की हे कोण? नापासकाका म्हटल्यावर सगळे आले.

त्यांच्या तपासणीची पद्धत नव्या सभासदांना ऐकून माहीत असेल, अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. बांधणाऱ्याने मागे बसायचं. काकांनी चालवायचं. गाडीत एकाच माणसाची जागा असेल तर मागे फळी बांधायची, पण बसायचं. आणि स्टिअरिंगच्या बाजूला काका एक दाढीचा गोल आरसा लावत. त्यात रस्ता दिसत नसे, मागे बसलेल्याचं तोंड दिसे.

माझी गाडी पहिल्यांदा नेली, तेव्हा या हॉलच्या मागच्या आवारात दोन फेऱ्या झाल्या. काका उतरले. वाकले नाहीत, चाकाला हात लावला नाही. म्हणाले, "साखळी. मागची, डावीकडची."

मी म्हटलं, "काका, तुम्ही पाहिलीसुद्धा नाही!"

"मी कशाला बघू? तू बघत होतीस की. वळण आलं तेव्हा माणूस वळणाकडे बघतो. तू साखळीकडे बघितलंस."

मी चष्मे करते. डोळे तपासणं हा माझा धंदा. माझेच डोळे तपासून मला नापास करणारा माणूस पहिल्यांदा भेटला. साखळी ढिली होती, हे वेगळं सांगायला नको.

काही हुशार लोकांनी यावर उपाय काढला. डोळेच मिटून बसायचं. काका म्हणायचे, "मिटले का? मग तर सगळीच गाडी नापास." आणि आपले बेकरीवाले आठवा. गाडी दिसायला भट्टीच्या दारासारखी. आजही तशीच आहे, बेकरीवाले, रागावू नका. हे मागे बसून शेंगदाणे खात होते. गाडी उसळली तेव्हा या बाबाने पुडी आधी सावरली. काकांनी तिथल्या तिथे सील लावलं.

हे सील म्हणजे तारेत ओवलेला शिशाचा मणी. स्टिअरिंगला बांधून पक्कडीने दाबायचा. तो असल्याशिवाय गाडी टेकडीला लागत नाही. आणि निकाल सांगायचा तो चारचौघांत. मी एकदा गयावया केली होती, "काका, निदान बाजूला घेऊन सांगायचं होतं." ते म्हणाले, "कानात सांगितलेलं नापास सकाळपर्यंत पास होतं."

हे वाक्य मी आज दुपारपासून तोंडात घोळवतेय.

आमच्या लेथवाल्यांना, ते तिकडे खांबाआड बसलेत, काकांनी सगळ्यांत जास्त वेळा नापास केलंय. एकदा ते चिडून म्हणाले होते, "दुसऱ्याच्या गाडीत खोट काढायला काय जातं? स्वतः एक बांधून दाखवा!" तेव्हापासून काकांच्या घरामागच्या शेडला कुलूप लागायला लागलं. काकूंनी मला कालच सांगितलं, "मला म्हणाले, पाण्याचा पंप दुरुस्त करतोय. सहा वर्षं! अगं, एवढ्यात विहीर खणून झाली असती."

तो पंप आज दुपारी मागच्या आवारात येऊन उभा राहिला. तुम्ही सगळ्यांनी पाहिला. काय देखणी गाडी आहे! लाकडी सांगाडा, प्लायवूडचं अंग, पुढे उघडं इंजिन, आणि स्टिअरिंग अगदी जुन्या पद्धतीचं: दांड्यावर लाकडी रीळ, रिळावर पोलादी तार, तारेची दोन टोकं पुढच्या ॲक्सलला दोन बाजूंना. डॉक्टरांनी मघाशी जाहीरही केलं की उद्या एक नंबरची गाडी काकांची. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. पर्स काखेत घट्ट दाबून वाजवल्या.

कारण दुपारी काकांनी तो आरसा, सील आणि पक्कड माझ्या हातात ठेवली. "आता तपासनीस तू," म्हणाले, आणि स्वतः मागे जाऊन बसले.

मी गाडी चालवली. आरशात काका दिसत होते. कुंपणावरचे कावळे बघत होते, काकूंना हात करत होते, अगदी खुशीत. डावं वळण आलं आणि त्यांची नजर खाली गेली. डावीकडे, जिथे तार ॲक्सलला पकडलीय तिथे. मला वाटलं, भास. पुन्हा फेरी मारली. पुन्हा तेच वळण, पुन्हा तीच नजर. मी थांबले. ते उतरले, पॅंट झटकली, मला काही विचारलं नाही आणि सत्काराचा शर्ट घालायला गेले.

मी वाकून पाहिलं. तार ॲक्सलला धरून ठेवणारी पकड बाजारी आहे. मापाची नाही. ती लेथवर करून घ्यावी लागते, आणि लेथवर करून घ्यायची तर लेथवाल्याकडे जावं लागतं.

सभासदहो, त्या टेकडीचं तिसरं वळण डावीकडचंच आहे, आणि त्याच्या उजवीकडे खाण आहे. तार सुटली तर गाडी वळत नाही, सरळ जाते. हे मी ज्यांना सांगतेय त्यांनी आयुष्यभर शेकडो माणसांना अशाच तारांच्या भरवशावर वरखाली पाठवलंय आणि एकालाही इजा होऊ दिली नाही. त्यांना ठाऊक नाही असं मी म्हणू? ठाऊक आहे म्हणूनच तर नजर गेली.

काकू, माझ्याकडे असं बघू नका. उद्या नाही तर कधीच नाही, हे मलाही कळतं. सील माझ्या पर्समध्ये आहे. दुपारपासून माझं मन म्हणतंय, म्हाताऱ्या माणसाचा मान, एकच चढण, हळू चालवतील. पण हळू चालवतील असं मी कुणाच्या गाडीबद्दल म्हटलं असतं, तर काकांनी मला मंडळातून काढलं असतं.

म्हणून चारचौघांत सांगते. काका, तुमची गाडी नापास.

नको, कुणी उठू नका. बेकरीवाले, खाली बसा! मदत न मागता करायची नाही, हाही त्यांचाच नियम. बांधणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने मागायची, मग कुणी नाही म्हणायचं नाही. त्यांनी आजवर ती मागितलेली नाही, एवढंच. सकाळ व्हायला अजून अवकाश आहे. पकड करायला तेवढा वेळ पुरतो. पुरतो ना हो, लेथवाले? बघा, मान हलली. पण जागचे हलले नाहीत. बरोबर आहे.

काका उभे राहिलेत. डॉक्टर, माइक नको, राहू दे. काका, तुमचा आवाज मागच्या आवारात जायचा, इथे खांबापर्यंत पोचेल.

काय म्हणालात?

"लेथवाल्याने वर्कशॉपच्या किल्ल्या आणल्यात का, की बायकोकडे ठेवून आलाय?"

आणल्यात! हात वर करून दाखवताहेत!

अध्यक्ष महाराज, जेवण झाकून ठेवायला सांगावं ही विनंती. शाल-श्रीफळही उद्या टेकडीच्या माथ्यावर, सील लागलं तर. लागेलच असं मी आत्ता म्हणणार नाही. पहाटे पुन्हा मी चालवीन, काका मागे बसतील, आणि आरसा असेल. पाहुण्या बाई, तुम्ही आलात, आमच्यासाठी रस्ता एक सकाळ मोकळा ठेवलात, तुमचे आभार. काकू, सहा वर्षं पंपावर विश्वास ठेवलात, तुमचे सगळ्यांत जास्त. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहिला असेल, क्रम चुकला असेल, शब्द लागला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. तारेचं चुकलेलं तेवढं पोटात घालता येत नाही.

चला, बाह्या वर करा.