दोनशे चौदा माणसं

लॅमिनेशनच्या दुकानात माझ्यापुढं एक काका-काकू उभे होते. काउंटरवर लांबलचक वंशावळ पसरलेली.

"अकरा वर्षं खपलोय. नऊ पिढ्या, दोनशे चौदा माणसं! एक जरी सुटलं असेल तर दाखव."

"मी कुठाय?"

"ही काय, इथं... थांब हं."

"ही तुमच्या चुलतपणजोबांची दुसरी बायको."

"अगं, तुला शोधावं लागलं नाही ना, म्हणून राहिलीस."

"आणि मुलं? तुम्हाला एकट्यालाच झाली?"

"हसतेस काय? उद्या नातवंडांनी विचारलं, आजी कोण, तर?"

"म्हणून तर म्हणते, पेन आणा इकडं."

"जरा बारीक लिही."

"नऊ पिढ्या तुमच्या, बारीक मी लिहू? दादा, एक कागदाची पट्टी द्या आणि डिंक."

"पट्टी कशाला?"

"माझ्या पाच बहिणी आहेत."

"अगं, ही आमच्या घराण्याची वंशावळ आहे!"

"सुट्टीत जेवायला कुणाकडं जाता?"

"...लाव. पण सरळ लाव."

दुकानदारानं कागद मशीनमध्ये सरकवला. नऊ पिढ्या चकचकीत होऊन बाहेर आल्या. ओल्या डिंकावरची पट्टी मात्र आत घसरली होती आणि पाचही बहिणी काकांच्या नावावर कायमच्या बसल्या होत्या.