गच्चीवरच्या सैल जाळीबाबत

मी खाली सही करणारी, वय ४४ वर्षे, धंदा लाँड्री, राहणार बंदरामागची गल्ली, लाँड्रीच्याच वरच्या मजल्यावर, आज शुक्रवारी दुपारी कोणी बोलावले नसताना पोलीस स्टेशनला येऊन समक्ष सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझे सासरे, वय ७६, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, वाचा गेलेले, समज नसलेले, असे राहतो. माझे पती जहाजावर नोकरीला असून वर्षातले बरेच महिने बाहेर असतात. लाँड्री सासऱ्यांनी उभी केली. ते आजारी पडल्यापासून ती मी चालवते. त्यांना आता 'बरं' एवढाच शब्द बोलता येतो. चहा दिला तरी बरं, कडू औषध दिले तरी बरं.

आमच्याकडे इस्त्रीचे काम करणारा इसम सासऱ्यांच्या काळापासून आहे. त्याची इस्त्री कडक आणि जीभही कडक, म्हणून गल्लीत त्याला सगळे कडक म्हणतात. मीही तेच म्हणते. त्याला आज सकाळी आपल्याकडील शिपायाने दुकानातून चौकशीसाठी आणले. तो आत्ता बाहेर बाकावर बसला आहे. ज्या पक्ष्याच्या मृत्यूबाबत त्याला आणले, त्याबाबत मला पुढीलप्रमाणे सांगायचे आहे.

आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे यंदा कुरवांच्या जोडीने घरटे केले. बंदरावर मासळीच्या बोटींमागे फिरणारे पांढरे पक्षी, तेच. गच्चीवर आमचे कपडे वाळतात. सासऱ्यांच्या खोलीची खिडकी गच्चीकडे उघडते. पक्षी आल्यापासून ते दिवसभर तिकडेच पाहत असत. त्यातल्या मादीला कडक मालकीणबाई म्हणायचा, कारण ती भाडे वसूल करायला आल्यासारखी गच्चीच्या कठड्यावर फिरायची, ते खालून दिसायचे. "आपल्याकडे मालकिणी दोन. एक धुते, दुसरी घाण करते," असे तो गिऱ्हाइकांदेखत बोलायचा. ते वर खोलीत ऐकू गेले की सासरे हसायचे. "हिची एकदा मान मुरगळतो," असेही तो म्हणायचा, आणि ते समोरच्या शिंपीणबाईंनी ऐकले, हे खरे आहे. दुपारी जेवताना तो डब्यातला घासभर भाग बाजूला काढून, टाकीपाशी ठेवायला माझ्या हाती द्यायचा. ते शिंपीणबाईंनी पाहिलेले नाही. त्याचे गुडघे दुखतात. तो गच्चीवर चढत नाही.

रुग्णालयाच्या चादरी आमच्याकडे धुवायला असतात. आमचे घर त्याच कामावर चालते. पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग पडले म्हणून दोनदा चादरी परत आल्या. तिथल्या भांडारप्रमुख बाईंनी सांगितले की, पुन्हा असे झाले तर काम दुसरीकडे जाईल. म्हणून मी पक्षी संरक्षण कार्यालयात जाऊन घरटे काढण्याची परवानगी मागितली. तेथील साहेब पाहणीला आले. ते म्हणाले, अंडी घालायच्या आधी आला असतात तर काही करता आले असते. आता आत पिल्ले आहेत. कायद्याने घरट्याला, पिल्लांना, मोठ्या पक्ष्यांना, कशालाच हात लावता येत नाही. पिल्ले उडेपर्यंत हे तुमचे पाहुणे.

साहेबांनी दोऱ्यांवर जाळी बांधण्याची परवानगी दिली आणि टाकीची बाजू उघडी ठेवायला सांगितली. जाळी बांधणाऱ्याने काम केल्यावर त्यांनी स्वतः तिच्यावर बोट मारून दाखवले. म्हणाले, ही अशी वाजली पाहिजे. ताणलेल्या जाळीवर पक्षी आपटतो आणि निघून जातो. सैल जाळीत त्याचा पंख गुंततो. काही झाले तर स्वतः काही करू नका, फोन करा, आमचा माणूस शिडी घेऊन येतो. फोन नंबरचा कागद त्यांनीच गच्चीच्या दाराला आतून चिकटवला. तो अजून तिथे आहे.

विचारल्यावरून सांगते की, ओल्या चादरींनी दोरी मध्यभागी खाली येते. मग आम्ही तिला काठीचा टेकू देऊन उचलतो. जाळी ताणलेली असली की काठी वर जात नाही, आणि चादरीची कड जमिनीला लागते. म्हणून मी एका बाजूचे चार हूक काढून जाळी सैल सोडली. दोरी असो, नाडी असो, आड आली की सैल करायची, ही आमच्या धंद्यातली हाताची सवय आहे. सुरुवातीला काम झाल्यावर मी हूक परत लावत होते. नंतर लावणे सोडले. हे कडकला माहीत नव्हते.

परवा बुधवारी सकाळी मी चादरी घेऊन वर गेले तेव्हा मालकीणबाई जाळीच्या टाकीकडच्या कोपऱ्यात लटकलेली होती. एक पंख खांद्यापर्यंत जाळीतून आरपार गेला होता. ती जिवंत होती. पिल्ले टाकीला चिकटून बसली होती. नर वरून ओरडत फिरत होता.

मी फोन केला नाही. साहेब आले असते तर त्यांना काढलेले हूक दिसले असते. शिवाय भांडारप्रमुख बाई त्याच सकाळी वाळवण्याची जागा पाहायला येणार होत्या. मी एक डबल चादर घेतली आणि कोपऱ्याच्या पुढच्या दोरीवर वाळत घातली. चादर आतून हलत होती. मी तिला खाली आणखी चिमटे लावले आणि बाकीच्या चादरी वाळत घालायला घेतल्या.

थोड्या वेळाने सासऱ्यांनी पाण्याचा पेला खिडकीच्या गजावर आपटायला सुरुवात केली. त्यांच्या खिडकीतून कोपरा दिसतो. आवाज ऐकून कडक जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत आला. मी खाली सांगितले, त्यांना पाणी हवे असेल. तो म्हणाला, "वहिनी, पाण्याला ते असा पेला आपटत नाहीत. एकदा बघा तरी काय म्हणतात." मी त्याला म्हटले, इस्त्री तापली आहे, कपडा जळेल, खाली जा. तो गेला. मग मी सासऱ्यांच्या खिडकीवर बाहेरून एक चादर लावली.

त्यांचे आपटणे थांबले नाही.

भांडारप्रमुख बाई आल्या. त्यांनी दोऱ्यांमधून फिरून चादरी उलटसुलट पाहिल्या. डाग नव्हते. त्या खूश झाल्या. मग त्यांनी खिडकीकडे पाहून विचारले, "आजोबांना काही हवंय का?"

मी म्हणाले, "नाही हो, त्यांना आता काही कळत नाही. चालूच असतं त्यांचं."

मी खिडकीपासून हातभर अंतरावर उभी होते. पेला वाजायचा थांबला. बाई म्हणाल्या, तुमचंही कठीण आहे. मी हो म्हणाले. त्यानंतर आम्ही खाली येऊन चहा घेतला.

दुपारी वर गेले तेव्हा चादर हलत नव्हती. मी पक्ष्याला कात्रीने जाळीतून सोडवले, उशीच्या अभ्र्यात घातले व तो अभ्रा गल्लीच्या टोकाच्या कचरापेटीत टाकला. अभ्र्यावर आमच्या लाँड्रीची खूण होती, हे माझ्या लक्षात आले नाही. काल सफाई कामगाराला तो सापडला. कात्री आमच्या काउंटरवरची आहे, ती सोबत आणली आहे.

विचारल्यावरून सांगते की, आज सकाळी शिपाई दुकानात आले तेव्हा मी काउंटरला होते. शिंपीणबाईंनी दारातून सांगितले की, हाच तो, मान मुरगळतो म्हणणारा. कडकने माझ्याकडे पाहिले. "वहिनी, इस्त्री बंद करा," एवढे म्हणून तो त्यांच्याबरोबर गेला. मी इस्त्री बंद केली. दुसरे काही केले नाही. त्याला काय माहीत आहे आणि काय नाही, हे मी त्याला अजून विचारलेले नाही.

नंतर मी वर जाऊन सासऱ्यांना सांगितले की, बाबा, कडकला पोलीस घेऊन गेले. ते बरं म्हणाले नाहीत. बुधवारपासून त्यांनी माझ्या कोणत्याच गोष्टीला बरं म्हटलेले नाही. चहा ठेवला की नुसते भिंतीकडे बघतात. खिडकीवरची चादर मी तोपर्यंत काढलेली नव्हती. ती काढली. नर टाकीपाशी पिल्लांना भरवत होता. आम्ही दोघांनी ते पाहिले. मी म्हटले, बाबा, मी जाऊन खरं ते सांगून येते. ते बरं म्हणाले.

मी येथे आले तेव्हा कडक बाकावरून म्हणाला, "दुकान कोणाच्या भरवशावर टाकून आलात?" मी सरळ आत येऊन जबाब द्यायला बसले.

जाळी मी आज पूर्ण उतरवली आहे. पिल्ले दोन असून नर त्यांना पाहतो, हे कार्यालयातील साहेबांना कळवावे. कडकचा यात काही संबंध नाही. त्याला घरी जाऊ द्यावे. माझ्यावर कायद्याप्रमाणे जे व्हायचे ते मला मान्य आहे.

माझा जबाब लिहून घेणाऱ्या बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. सुरुवातीला सासऱ्यांविषयी लिहिताना त्यांनी 'समज नसलेले' असे आपल्या मनाने घातले होते. मी ते खोडायला सांगितले. त्या म्हणाल्या, त्याने केसला काही फरक पडत नाही, राहू द्या. मी म्हटले, ते खोडल्याशिवाय मी सही करणार नाही. त्याजागी 'सर्व समजणारे' असे लिहून घेतले, व त्या ठिकाणी वेगळी सही केली. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.