मिनूची गोष्ट

मंडळी, चित्त जरा इकडे द्या. आज एक प्रश्न विचारतो. ज्या गोष्टीचा शेवट अजून व्हायचाय, ती चारचौघांत सांगावी का? लग्न जमलं की आपण पेढे वाटतो — जमत नसताना कोणी वाटतं का? मुलगा पहिला आला की वर्तमानपत्रात फोटो! आणि नापास झाला की? "तो ना, मामाकडे गेलाय." हसताय? हसा, हसा. मी कोणाकडे बघून बोलत नाही हो!

तर ऐका. एक विद्यापीठ होतं. तिथल्या कुलगुरूंच्या मनात आलं — इथे माणसं वर्षानुवर्षं शेजारी बसतात, पण एकमेकांना ओळखत नाहीत. म्हणून त्यांनी दर शनिवारी दुपारी कार्यक्रम सुरू केला, 'आपली गोष्ट'. प्राध्यापक असो, कारकून असो, विद्यार्थी असो — व्यासपीठावर यायचं, स्वतःविषयी बोलायचं. हेतू उत्तम! पण माणूस तो माणूस. पहिल्यानं सांगितलं, मी शाळेत चालत जायचो. दुसऱ्यानं वाटेत नदी घातली. तिसऱ्यानं नदीला पूर आणला. चौथे गणिताचे प्राध्यापक — त्यांच्या पुरात मगर निघाली! आणि शेवट सगळ्यांचा एकच: "अशा रीतीनं मी इथवर पोहोचलो." टाळ्या!

अशात पाळी आली मृणालिनी देवस्थळींची. वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. बाई हुशार, पण पाचचा ठोका पडला की पर्स उचलून चालू लागायच्या. विभागात पाचला चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या. बाई कधी थांबल्या नाहीत. विभागप्रमुखपद चालून आलं, तेही नको म्हणाल्या. मग काय, लोकांनी ठरवून टाकलं — शिष्ट आहेत. विभागातले ठोंबरेसर तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "बाईंना आमचा चहा कडू लागतो."

मृणालिनीबाई पेचात पडल्या. वडील सरकारी इंजिनिअर. बंगला, गाडी, शिपाई! बालपणी कष्ट असे एकदाच झाले — गाडी पंक्चर झाली आणि शाळेत चालत जावं लागलं. आता त्या एका पंक्चरवर किती बोलणार? आणि खरं मनातलं जे होतं, ते त्यांना गोष्ट वाटतच नव्हतं. कारण तिथे जिंकणं नव्हतं, पोहोचणं नव्हतं.

शनिवारी सभागृह भरलं. आधीचे वक्ते लांबले — वक्ते लांबतात हे मी तुम्हाला काय सांगू! बाई उभ्या राहिल्या तेव्हा पाच वाजत आले होते. त्यांनी त्या पंक्चरचा विषय काढला, चार वाक्यं बोलल्या, आणि घड्याळाकडे बघता बघता हात सवयीनं पर्सकडे गेला. पहिल्या रांगेतून ठोंबरेसर पुटपुटले, "निघाल्या बाई." सभागृह हसलं.

बाई थांबल्या. पर्स खाली ठेवली. म्हणाल्या, "हो, निघायचंच आहे. कुठे जाते, ते सांगते."

आणि सांगू लागल्या. घरी आई आहे. मुख्याध्यापिका होती, शाळेतल्या एकूण एक पोरीचं नाव तिला पाठ. आता पोटच्या मुलीचं नाव आठवत नाही. सांभाळणारी बाई संध्याकाळी घरी जाते, म्हणून ही धावपळ. दार उघडलं की आई विचारते, "आपण कोण?" आधी आधी त्या सांगायच्या, अगं मी मिनू, तुझी मुलगी. आई घाबरायची, रडायची. मग त्यांनी हट्ट सोडला. आता म्हणतात, मी शेजारी राहते, बसू का जरा? आणि रोज आईला एका मिनूची गोष्ट सांगतात — मिनू झाडावरून कशी पडली, आईनं तिला कसं उचललं. आई ऐकते, हसते, "मग?" म्हणते.

"आईचं दुखणं वाढत चाललंय, म्हणून पुढच्या सत्रात नोकरी सोडणार आहे," बाई म्हणाल्या. "या गोष्टीला अजून शेवट नाही. टाळ्या कुठे वाजवायच्या, ते मला सांगता येणार नाही."

आणि निघून गेल्या. टाळी एकही नाही, मंडळी. पण जागचं कोणी हललं नाही.

ठोंबरेसर मात्र मागोमाग फाटकाशी आले. म्हणाले, गाडीनं सोडतो. बाई नको म्हणाल्या, पण उशीर झालेला, बसल्या. गाडी रस्त्याला लागली. मग सर म्हणाले, "ते चहाचं मी म्हणायचो."

"ऐकू यायचं मला," बाई म्हणाल्या.

बस, एवढंच. घर आलं. आईनं दार उघडलं, दोघांकडे बघितलं. सरांना काय सुचलं कोण जाणे, म्हणाले, "मी पण शेजारीच राहतो." आईनं त्यांना आत बसवलं आणि बाईंकडे बोट दाखवून हळूच सांगितलं, "ही रोज येते हो. एका मिनूची गोष्ट सांगते. फार गुणी पोर आहे ती मिनू. तिच्या आईला एकदा भेटायला हवं."

ठोंबरेसरांनी मान खाली घातली. बाईंनी आईचा हात हातात घेतला, आणि गोष्ट सुरू केली.

आई बरी झाली का? नाही. मी चमत्कार सांगायला उभा नाही. पण बाईंनी नोकरी सोडली नाही. विभागातल्या लोकांनी त्यांचे दुपारचे तास वाटून घेतले. कधी कोणी, कधी कोणी, आईपाशी 'शेजारी' म्हणून जाऊन बसू लागलं. आणि शनिवारच्या सभेतल्या मगरी हळूहळू कमी झाल्या!

आता तुमचं बोला. शेजारणीला भेटलात की विचारता, "काय, बरं आहे ना?" — आणि उत्तर यायच्या आत चालू पडता! ती बिचारी "बरं आहे" म्हणते, कारण तुमचा पाय आधीच पुढे पडलेला असतो. आणि तुमचं स्वतःचं अर्धवट राहिलेलं दुःख? ते कपाटात घडी घालून ठेवलंय, शेवट गोड झाला की काढू म्हणून! अहो, शेवटाची वाट बघत बसलात तर ऐकणारं कोणी उरेल का?

हात जोडा, नाम घ्या. आणि नाम संपल्याबरोबर चपला शोधायला धावू नका. शेजारी कोण बसलंय, ते आधी बघा.